मोठी गाडी, बंद महामार्ग

चपळ क्रूझर मोटरसायकल विकून किंवा शोरूममध्ये एक्स्चेंजला देऊन तिच्या जागी अधिक वजनाची आणि अधिक ताकदीची टूरिंग मोटरसायकल घेणे ही दुचाकीस्वाराच्या प्रगतीची स्वाभाविक पायरी आहे, असे मत गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतून निघून तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले आहे, आणि एमएच ३७ या क्रमांकाच्या गाड्या ज्या जिल्ह्यात धावतात त्या वाशिममध्येही ते वादातीत असल्यासारखे बोलले जाते. बाजाराने या व्यवहाराला ‘अपग्रेड’ हा शब्द दिला आणि त्या एका शब्दाने वादाचा निकाल आधीच लावून टाकला. कारण ज्याला वरची पायरी म्हटले तिच्यावर चढू नये असे सांगणारा माणूस एकतर पैशाला भितो किंवा रस्त्याला, असेच समजले जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, गाडीचे मोल तिच्या इंजिनाच्या आकड्यावरून ठरत नसून तिला उपलब्ध असलेल्या रस्त्यावरून ठरते, आणि वाशिम जिल्ह्यातील रस्ते, अंतरे, माती व कायदा एकत्र विचारात घेतले तर हा व्यवहार बहुसंख्य स्वारांच्या बाबतीत वरची पायरी ठरत नाही, तोट्याची अदलाबदल ठरतो.

वादाआधी शब्दांचे अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे. जिचे सीट जमिनीलगत, हँडल स्वाराकडे झुकलेले आणि फूटरेस्ट पुढे सरकवलेले असतात, आणि जिचे इंजिन कमी फेऱ्यांतच जोर देईल अशा बेताने जुळवलेले असते, त्या निवांत चालीच्या मोटरसायकलला क्रूझर म्हणतात. महाराष्ट्रात हा प्रकार मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणला तो पुण्याच्या बजाज कंपनीने: कावासाकीच्या सहकार्याने २००१ मध्ये आलेली १७५ सीसीची एलिमिनेटर अनेकांना परवडली नाही, पण तिच्याच धर्तीवर २००५ मध्ये आलेली ॲव्हेंजर गावोगावच्या रस्त्यांवर दिसू लागली. सीसी म्हणजे घन सेंटिमीटर, अर्थात इंजिनाच्या सिलिंडरमध्ये मावणारे घनफळ. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये रॉयल एन्फिल्डची ३४९ सीसीची मीटिओर ३५० आली आणि क्रूझर या शब्दासरशी आज तीच डोळ्यांपुढे येते. याउलट टूरिंग मोटरसायकल म्हणजे सामान, मागे बसणारा सोबती आणि दिवसभराचे अंतर गृहीत धरून बांधलेली, लांब, जड आणि मोठ्या इंजिनाची गाडी. याच कंपनीची जानेवारी २०२३ मध्ये बाजारात आलेली ६४८ सीसीची, दोन सिलिंडरांची सुपर मीटिओर ६५० या वर्गाकडे झुकते आणि तिच्या विंडस्क्रीन व पाठटेक असलेल्या आवृत्तीला कंपनीनेच ‘टूरर’ हे नाव दिले आहे. एकाच घराण्यातल्या या दोन गाड्या तुलनेला सोयीच्या म्हणून येथे उदाहरणादाखल घेतल्या आहेत. युक्तिवाद त्यांच्यापुरता मर्यादित नाही.

प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्या पूर्ण बळासह मांडल्याशिवाय त्याचे खंडन प्रामाणिक होत नाही. तो पक्ष असे म्हणतो की, एका सिलिंडरची साडेतीनशे सीसीची गाडी शंभराच्या वेगावर थरथरते व दमते, तर दोन सिलिंडरांची मोठी गाडी त्याच वेगावर शांत असते; जड गाडी ट्रकच्या वाऱ्याने हलत नाही; मागे बसणाऱ्याची कंबर दुखत नाही; सामान नीट बांधता येते; आणि ओलांडण्याच्या क्षणी हाताशी असलेली जादा ताकद जीव वाचवते. त्याला जोड म्हणून रस्ते सुधारल्याचा दाखला दिला जातो, आणि तो खोटा नाही. अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या टप्प्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचे डांबरीकरण करून गिनीज विक्रम नोंदवला गेला. अकोल्याहून पातूर, मेडशी, मालेगाव, वाशिम करीत हिंगोली-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ बऱ्याच अंतरावर चौपदरी झाला. आणि समृद्धी महामार्ग तर जिल्ह्याच्या अंगणातून गेला. रस्ते मोठे झाले तेव्हा गाडीही मोठी हवी, हा निष्कर्ष त्यातून सहज निघतो. सहज निघणाऱ्या निष्कर्षाची तपासणी मात्र क्वचितच होते.

तपासणीची सुरुवात समृद्धीपासूनच करणे योग्य, कारण मोठ्या गाडीचे स्वप्न ज्या दृश्यावर उभे असते ते रुंद, सरळ, अडथळ्याविना पसरलेल्या रस्त्याचे दृश्य या जिल्ह्यात दुसरीकडे कोठेही नाही. मुंबई आणि नागपूर यांना जोडणारा ७०१ किलोमीटरचा हा मार्ग कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत धावता येते. परंतु हा प्रवेश-नियंत्रित मार्ग आहे, म्हणजे ठरावीक नाक्यांखेरीज त्यावर चढता-उतरता येत नाही आणि कोणते वाहन आत येईल हे नियमाने ठरते, आणि त्या नियमानुसार दुचाकी, तीनचाकी व ट्रॅक्टर यांना तेथे मज्जाव आहे. हा मज्जाव इंजिन पाहून केलेला नाही. शंभर सीसीची गाडी आणि साडेसहाशे सीसीची गाडी नाक्यावर सारख्याच परत फिरवल्या जातात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू यांवरही तोच नियम असल्यामुळे, महाराष्ट्रातील जे रस्ते टूरिंग मोटरसायकलच्या जाहिरातीत शोभून दिसतील नेमके तेच तिला बंद आहेत. हा मज्जाव अन्यायाचा आहे असे कोणी म्हटले तर तो वेगळा आणि विचारणीय मुद्दा आहे. तथापि, उद्या कदाचित उघडेल अशा रस्त्यासाठी आज गाडी घेणे म्हणजे विहिरीला पाणी लागण्याआधी पाइपलाइन टाकणे होय.

मग उरतात ते इतर रस्ते, आणि त्यांच्यावर कायद्याची दुसरी मर्यादा आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल वेगानुसार मोटरसायकलला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ताशी ८० किलोमीटर आणि इतर रस्त्यांवर ताशी ६० किलोमीटर इतकीच मुभा आहे. येथे यंत्रशास्त्रातला एक साधा नियम ध्यानात घ्यावा लागतो: हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्या विरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग ८० वरून १२० झाला, अर्थात दीडपट झाला, तर हवेपोटी लागणारी शक्ती जवळजवळ साडेतीनपट होते. याचा उलटा अर्थ असा की, कायद्याने मान्य केलेल्या ८० च्या वेगावर सपाट रस्त्यावरून एका स्वारासह मोटरसायकल नेण्यास ढोबळ हिशोबाने दहा अश्वशक्तीच्या आतच काम भागते, आणि मीटिओर ३५० चे इंजिन वीस अश्वशक्ती देते. सुपर मीटिओरचे इंजिन सुमारे सत्तेचाळीस देते; त्यातील बहुतेक शक्ती या वेगावर वापराविना पडून राहते. म्हणून साडेतीनशेची गाडी शंभरावर थरथरते हा आक्षेप खरा असला तरी वाशिमच्या रस्त्यावर अप्रस्तुत आहे, कारण शंभराचा वेग हाच मुळात नियमबाह्य आहे. नियम कोण पाळतो, असे उत्तर यावर मिळते. पण मग वादाचा विषय मोटरसायकल न राहता नियमभंगाची सोय असा होतो आणि तो उघडपणे तसाच मांडला पाहिजे.

टूर या शब्दाचाही वाशिमच्या नकाशावर अर्थ लावला पाहिजे. वाशिम ही वत्सगुल्म या प्राचीन नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती आणि तिच्याभोवती तीर्थांचे दाट जाळे आहे: जिल्ह्यातच नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान कारंजा, अंतरिक्ष पार्श्वनाथाचे शिरपूर आणि बंजारा समाजाची काशी मानले जाणारे पोहरादेवी, जिल्ह्याबाहेर शेगाव, माहूर, औंढा नागनाथ आणि लोणारचे सरोवर. यांपैकी कोणतेही ठिकाण वाशिम शहरापासून सुमारे दीडशे किलोमीटरच्या पलीकडे नाही; सकाळी निघून दर्शन घेऊन रात्रीच्या जेवणाला घरी परतता येईल अशीच ही अंतरे आहेत. रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीकडे जाणारा स्वार दिवसाला सहाशे किलोमीटर कापत नाही. गर्दीतून, बैलगाड्या आणि जीपगाड्यांच्या मधून, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तो वाट काढत असतो, आणि तेथे लागतो तो हलका क्लच आणि वळणारे हँडल. त्याहून आश्चर्याची बाब टाकीची आहे. मीटिओरची टाकी १५ लिटरची आणि सुपर मीटिओरची १५.७ लिटरची, म्हणजे फरक पाऊण लिटरचाही नाही. पण लहान गाडी साधारणपणे लिटरला तिशीच्या वर ॲव्हरेज देते आणि मोठी पंचविशीच्या आसपास राहते, त्यामुळे एका टाकीत अधिक लांब जाणारी गाडी लहानच ठरते. जिला टूरर म्हणून विकले जाते तिला पंपावर आधी थांबावे लागते, हे टूरिंगच्या व्याख्येत बसवणे अवघड आहे.

वजनाचा मुद्दा प्रतिपक्ष गुण म्हणून मांडतो आणि वाशिमची माती त्याचा दोष करते. मीटिओर ३५० चे वजन १९१ किलो आणि सुपर मीटिओर ६५० चे २४१ किलो आहे. फरक बरोबर पन्नास किलोंचा, म्हणजे डीएपी खताच्या एका भरलेल्या पोत्याचा. हे पोते रस्त्यावर धावताना जाणवत नाही आणि त्यामुळेच शोरूमबाहेरच्या चाचणी फेरीत त्याचा पत्ता लागत नाही. ते जाणवते गाडी थांबल्यावर. या जिल्ह्यात रस्ता सोडल्याबरोबर काळी माती सुरू होते, जी पाणी पिऊन फुगते आणि वाळताना भेगाळते, आणि याच फुगण्या-आकसण्यामुळे तिच्यावर टाकलेली डांबरी सडक कडेने खचते व लाटांसारखी वरखाली होते. गावापासून वावरापर्यंत जाणाऱ्या कच्च्या वाटेला येथे पांदण म्हणतात. पावसाची एक सर पडून गेल्यावर त्या पांदणीत शिरलेल्या मोटरसायकलचे काय होते ते पाहण्याजोगे आहे. पहिल्या वीस-पंचवीस पावलांत माती टायरला लपेटत जाते. मग ती मागच्या मडगार्डच्या आत भरते. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट बुजली की चाक फिरणे थांबते आणि इंजिन चालू असूनही गाडी जागची हलत नाही. स्वार खाली उतरतो, तुरीची वाळकी काडी मोडून घेतो, चाकाभोवतीचा चिखल उकरून काढतो, चार पावले ढकलतो आणि पुन्हा वाकतो. ही कसरत १९१ किलोंच्या गाडीशी करताना माणूस घामाघूम होतो. २४१ किलोंच्या गाडीशी एकट्याने करताना गाडी एका अंगावर झुकली तर ती सावरता येईलच असे नाही, आणि चिखलात आडवी झालेली गाडी उभी करण्यास शेजारच्या वावरातून माणूस बोलवावा लागतो. जो स्वार पांदणीत जातच नाही त्यालाही हे पोते चुकत नाही: आठवडी बाजारात उताराकडे तोंड करून लावलेली गाडी मागे ओढताना, घराच्या उंच ओट्यावर चढवताना आणि पेट्रोल संपल्यावर पंपापर्यंत ढकलताना ते रोज उचलावे लागते.

वजनाला जोडून गाडीच्या पोटाचा आणि लांबीचा प्रश्न येतो. जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांतील अंतर मीटिओरचे १७० मिलिमीटर आणि सुपर मीटिओरचे १३५ मिलिमीटर आहे. दोन चाकांच्या आसांमधील अंतर, ज्याला व्हीलबेस म्हणतात, अनुक्रमे १४०० आणि १५०० मिलिमीटर आहे. मोठी गाडी अशा रीतीने लांबही आहे आणि खालीही आहे, आणि लांब व खाली असलेली गाडी उंचवट्यावरून जाताना पोटावर घासते, हे भूमितीने ठरलेले आहे. वाशिम जिल्ह्यातील खेड्यांत शाळेसमोर, मंदिरासमोर आणि कधीकधी एखाद्या घरासमोर गावकऱ्यांनीच मातीचे वा सिमेंटचे गतिरोधक घातलेले असतात, ज्यांना ठरलेली उंची नसते आणि पांढरे पट्टेही नसतात. तेथे पस्तीस मिलिमीटरचा फरक कागदावरचा राहत नाही. सुपर मीटिओरचे सीट मीटिओरपेक्षा पंचवीस मिलिमीटरने खाली आहे आणि बुटक्या स्वाराचे पाय जमिनीला नीट टेकतात, ही तिची जमेची बाजू मान्य केली पाहिजे. पण टेकलेल्या पायांनी पन्नास किलो जास्तीचे पेलायचे असतात, हेही त्याच वाक्यात सांगितले पाहिजे.

सुरक्षिततेचा युक्तिवाद सर्वांत गंभीर आहे, म्हणून त्याला सर्वांत काळजीपूर्वक उत्तर दिले पाहिजे. ओलांडताना जादा ताकद उपयोगी पडते, हे खरे आहे. दोन माणसे आणि सामान घेऊन पातूरच्या घाटात ट्रकमागे अडकलेली साडेतीनशेची गाडी मोठ्या गाडीइतक्या झपाट्याने पुढे निघत नाही. परंतु या भागातील रस्त्यावर स्वारापुढे अचानक येणारा धोका बहुधा ट्रक नसतो. तो रोही असतो. रोही म्हणजे नीलगाय, आणि कारंजा-सोहोळ अभयारण्याच्या परिसरातच नव्हे तर सोयाबीन-तुरीच्या कोणत्याही पट्ट्यात तिचे आणि रानडुकरांचे कळप तिन्हीसांजेला रस्ता ओलांडतात. अशा वेळी प्रश्न पुढे निघण्याचा नसतो, थांबण्याचा असतो. कोरड्या डांबरावर चांगले ब्रेक असलेल्या मोटरसायकलला ८० च्या वेगावरून थांबण्यास, स्वाराचे भान येण्यास लागणारा एक सेकंद धरून, ढोबळमानाने ५७ मीटर लागतात. ११० च्या वेगावरून सुमारे ९७ मीटर. हे अंतर गाडीच्या दर्जापेक्षा वेगावर अवलंबून आहे, आणि मोठ्या इंजिनाचा सर्वांत धोकादायक गुण असा की ते ११० चा वेग ८० सारखा भासवते. थरथरणारी लहान गाडी स्वाराला वेग सांगत राहते. गुळगुळीत मोठी गाडी तो लपवते. चाके जाम न होऊ देणारी एबीएस यंत्रणा २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या मोटरसायकलींना सक्तीची असल्यामुळे त्या बाबतीतही मोठ्या गाडीचा वेगळा दावा उरत नाही.

आरामाविषयीचे म्हणणे तपासले असता असे दिसते की, प्रतिपक्ष ज्याला मोठेपणाचे फळ समजतो ते बहुतांशी जोडणीचे फळ आहे. वारा अडवतो तो विंडस्क्रीन, कंबर सांभाळते ती पाठटेक, सामान धरतात त्या बाजूच्या बॅगा. यांपैकी एकाही वस्तूला साडेसहाशे सीसींची गरज नसते. मीटिओरच्या वरच्या आवृत्तीत विंडस्क्रीन आणि पाठटेक कारखान्यातूनच लावून येतात, आणि ज्यांच्या गाडीत त्या नाहीत त्यांना काही हजार रुपयांत बसवून मिळतात. मागे बसणाऱ्याची कंबर दुखत असेल तर आधी शॉकअपचा ताण वजनाप्रमाणे जुळवून घ्यावा, सीटचा फोम बदलून पाहावा आणि दर तासाला चहाला थांबावे. एवढे केल्यावरही दुखणे राहिले, तर गाडी बदलण्याच्या गोष्टीला काही अर्थ येतो.

आता पैशाचा हिशोब. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या नव्या दरांत ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरील मोटरसायकलींवर तो ४० टक्के झाला, जो पूर्वी उपकर धरून ३१ टक्के होता. याचा अर्थ असा की, करपूर्व किमतीच्या प्रत्येक लाखामागे दोन वर्गांतील फरक पूर्वी ३,००० रुपयांचा होता तो आता २२,००० रुपयांचा आहे. मोठ्या गाडीची करपूर्व किंमतच लहान गाडीहून पुष्कळ जास्त असल्याने हा फरक लाखालाखाने वाढत जातो. विम्याचेही तसेच आहे: अपघातात दुसऱ्याच्या नुकसानीची जबाबदारी घेणारा सक्तीचा विमा १५० ते ३५० सीसीच्या गाडीला २०२२ मध्ये ठरलेल्या दराने वर्षाला १,३६६ रुपये पडतो आणि ३५० च्या वर गेल्याबरोबर २,८०४ रुपये. हे आकडे पुण्या-मुंबईच्या पगारदाराला किरकोळ वाटतील, पण नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत असलेल्या आणि सोयाबीनवर वर्षाचा ताळेबंद ठरणाऱ्या वाशिममध्ये ते क्विंटलांत मोजले जातात. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे एका लाखामागचे ते २२,००० रुपये हमीभाव पदरात पडला तर चार क्विंटलांहून अधिक सोयाबीनचे आहेत, आणि न पडला तर त्याहून जास्त पोत्यांचे. ज्या व्यवहाराने प्रवासात एका दिवसाचीही बचत होत नाही त्यासाठी हे धान्य मोजावे का, याचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. मात्र ‘अपग्रेड’ म्हणताना ही किंमत वाक्याबाहेर ठेवू नये.

किमतीपाठोपाठ देखभाल येते आणि तेथे महाराष्ट्राला स्वतःचाच अनुभव आहे. कोरियाच्या ह्योसंग कंपनीच्या मोठ्या मोटरसायकली भारतात आधी कायनेटिकने आणल्या, २०११ मध्ये गरवारे यांनी पुन्हा आणल्या, नंतर डीएसके समूहाने वाई येथे त्यांची जुळणी केली, आणि तो समूह अडचणीत आल्यावर २०१८ मध्ये त्या पुन्हा कायनेटिकच्या घरी आल्या; या प्रत्येक हस्तांतरात गाडी तीच राहिली, पण सुट्या भागांसाठी कोणाचे दार ठोठवायचे ते बदलत गेले. हार्ले-डेव्हिडसनने सप्टेंबर २०२० मध्ये भारतातील उत्पादन थांबवल्याची घोषणा केली तेव्हाही कंपनीच्या ग्राहकांना काही काळ याच प्रश्नाने घेरले होते. रॉयल एन्फिल्डची स्थिती अशी नाही, तिचे दुकान देशभर पसरलेले आहे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही मूळ धडा लागू राहतो. एका सिलिंडरचे इंजिन मानोऱ्याच्या किंवा रिसोडच्या मिस्त्रीच्या हाताखालून रोज जाते. दोन सिलिंडरांचे इंजिन त्याच्या पुढ्यात क्वचित येते, आणि मोठ्या गाडीच्या मागच्या चाकाचा रुंद टायर तालुक्याच्या दुकानात हातोहात मिळेलच अशी खात्री नसते. मग वाशिमपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवरचे अकोला गाठावे लागते, आणि टूरिंग गाडीची सर्वांत नियमित टूर तिच्या स्वतःच्या सर्व्हिसिंगसाठीच होऊन बसते.

प्रतिपक्षाकडे शेवटी एक असे उत्तर उरते ज्याला आकड्यांनी हरवता येत नाही, ते म्हणजे हौस. हौसेला मोल नसते, ही म्हण खरी आहे, आणि माणसाने सगळे निर्णय क्विंटलांच्या आणि मिलिमीटरांच्या हिशोबाने घ्यावेत असा या लेखाचा आग्रह नाही. ज्याला दोन सिलिंडरांचा आवाज आवडतो, गाडी दारात उभी असलेली पाहून ज्याचे मन भरते, त्याने ती अवश्य घ्यावी. आक्षेप आहे तो हौसेला गरजेचे नाव देण्याला. हौस म्हणून घेतलेली गाडी माणसाला फसवत नाही, कारण ती काय देणार हे त्याला ठाऊक असते. गरज म्हणून घेतलेली हौस मात्र पहिल्याच पावसाळ्यात उघडी पडते, आणि तोवर हातची चपळ गाडी एक्स्चेंजमध्ये पडत्या भावाने गेलेली असते. या व्यवहारातील खरे नुकसान तेच आहे; मोठी गाडी आल्याचे नव्हे, लहान गाडी गेल्याचे.

अपवादही नोंदवले पाहिजेत. ज्याचा धंदा त्याला महिन्यातून दोनदा नांदेडमार्गे हैदराबादेला नेतो, जो नेहमी सोबत्यासह आणि दोन बॅगांसह निघतो, ज्याच्या दारापर्यंत सिमेंटचा रस्ता आहे आणि ज्याच्या घरी रोजच्या कामाला दुसरी हलकी दुचाकी आहे, त्याला मोठी टूरिंग मोटरसायकल शोभते आणि उपयोगीही पडते. ज्याला लांबही जायचे आहे आणि पांदणीतही शिरायचे आहे त्याच्यासाठी तिसरी वाट आहे: नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली ४५२ सीसीची हिमालयन ४५० ही खडबडीत रस्त्यासाठी बांधलेली टूरिंग गाडी चाळीस अश्वशक्ती देऊनही १९६ किलोंचीच आहे आणि तिचे पोट जमिनीपासून २३० मिलिमीटर वर आहे, अर्थात तिचे सीट ८२५ मिलिमीटर उंच आहे आणि कर तिलाही ४० टक्केच. हा अपवाद प्रस्तुत प्रतिपादनाला छेद न देता बळ देतो, कारण तिची उपयुक्तता मोठेपणातून आलेली नसून रस्ता पाहून केलेल्या बांधणीतून आलेली आहे.

म्हणून ज्याच्या मनात हा व्यवहार घोळत आहे त्याने शोरूमची पायरी चढण्याआधी एक महिना एक वही ठेवावी आणि तीत रोज तीन गोष्टी लिहाव्यात: गाडी किती किलोमीटर चालली, त्यातील किती चौपदरी रस्त्यावर चालली, आणि किती वेळा ती हाताने ढकलावी, वळवावी किंवा मागे ओढावी लागली. पहिले दोन आकडे मोठे आणि तिसरा शून्य निघाला, तर त्याने खुशाल मोठी गाडी घ्यावी. वाशिम जिल्ह्यातील बहुतेकांच्या वहीत तिसराच आकडा मोठा निघेल. आणि ज्या एका रस्त्यावर पहिले दोन आकडे मनासारखे वाढले असते, त्या समृद्धी महामार्गाच्या शेलूबाजार येथील नाक्यावरून ३४९ सीसी आणि ६४८ सीसी या दोन्ही गाड्या आजही सारख्याच परत फिरवल्या जातात.